नगररचनेची पुस्तके आणि लहरीपुऱ्याची कसोटी

मराठी कादंबरीत शहर आले, कवितेत आले. नाटकाचा पडदा तर वाड्याच्या चौकावर किंवा चाळीच्या गॅलरीवरच उघडावा असा एक काळ होता. परंतु शहर कसे वाढते, कोणती गल्ली राहावी आणि कोणती रुंद व्हावी हे कोण ठरवतो, त्या निर्णयाची किंमत कोण मोजतो, या प्रश्नांची शास्त्रशुद्ध चर्चा करणारे ग्रंथ आपल्या वाचनाच्या कक्षेत सहसा येत नाहीत. ते अभियंत्यांचे आणि अधिकाऱ्यांचे काम, अशी आपली समजूत असते. आमच्या छोट्याशा वाचकमंडळात अलीकडे हा विषय निघाला, तेव्हा सर्वांचा प्रश्न एकच होता : या विषयावर इंग्रजीत ग्रंथांची रास आहे, एकेका ग्रंथाची किंमत निवृत्तिवेतनधारकाने दोनदा विचार करावा अशी आहे, मग घ्यावे कोणते आणि सोडावे कोणते? त्या प्रश्नाचे आमच्या परीने उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

ही निवड केवळ अभिरुचीची बाब नाही, हे आधी सांगितले पाहिजे. राज्य सरकारच्या नोकरीत असताना नगररचना योजनांवर आलेल्या नागरिकांच्या हरकतींचे गठ्ठे आम्ही पाहिलेले आहेत. गुजरातचा १९७६ चा नगररचना व शहर विकास अधिनियम असो की महाराष्ट्राचा १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, दोहोंत योजनेचा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागवण्याची तरतूद आहे. हरकती येतही असत. पण बहुतेक अर्जांत व्यथा असे, माहिती नसे. दुकान जाईल, कुटुंब उघड्यावर पडेल, एवढेच लिहिलेले असे. त्यातील दुःख खरे असे. परंतु रस्त्यावरून किती रहदारी जाते, तिला दुसरी वाट आहे काय, किती घरे बाधित होतात, त्यांतील मालक किती आणि भाडेकरू किती, याविषयी एक ओळही नसे. समोरच्या बाजूला मात्र नकाशे आणि तक्ते असत. निर्णयाचे पारडे कोणीकडे झुके हे सांगायला नको. म्हणून नगररचनेवरील पुस्तक निवडताना आमची कसोटी अशी की, हे वाचून सामान्य नागरिकाला आपली गल्ली अधिक नेमकी दिसू लागते काय, आणि तिच्याविषयी त्याला चार ओळी आधारासह लिहिता येतात काय?

ही कसोटी लावण्यासाठी एखादी गल्ली समोर हवी. आम्ही लहरीपुरा घेतला. बडोद्याच्या जुन्या गावठाणाला चार दरवाजे : पश्चिमेला लहरीपुरा, पूर्वेला पाणीगेट, उत्तरेला चांपानेर आणि दक्षिणेला गेंडीगेट. चारही दरवाज्यांतून आलेले रस्ते मांडवीपाशी एकमेकांना छेदतात. तट गेला, दरवाजे उरले. लहरीपुरा दरवाज्याच्या बाहेर न्यायमंदिराची भव्य वास्तू आणि तिच्यापलीकडे सूरसागर. दरवाज्याच्या आत दोहों बाजूंना दाटीने बसलेली दुकाने, वरच्या मजल्यांवर घरे आणि गोदामे, आणि बाजूला आत शिरणाऱ्या पोळा. हा एवढा प्रदेश ज्या ग्रंथाच्या साहाय्याने अधिक कळेल, तो ग्रंथ घेण्याजोगा.

प्रथम विद्यार्थ्यांच्या यादीत हमखास असणाऱ्या दोन ग्रंथांविषयी. केविन लिंच यांचे 'द इमेज ऑफ द सिटी' (१९६०) हे आकाराने लहान आणि वाचायला सुगम पुस्तक. बोस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतील रहिवाशांना आपले शहर मनात कसे दिसते, हे विचारून लिंच यांनी पाच घटक काढले : मार्ग, कडा, विभाग, नाके आणि खुणा. हे घटक आमच्या गावठाणाला इतके चपखल बसतात की, उदाहरण म्हणून लेखकाने बडोदेच घ्यायला हवे होते असे वाटावे. तटाची कडा, चार मार्ग, मांडवीचे नाके, दरवाज्याची खूण, पोळांचे विभाग. परंतु ही सहज बसणारी चौकट संशयास्पद आहे. शहराला रहिवाशांच्या लेखी जो अर्थ असतो, तो लिंच यांनी आपल्या अभ्यासातून जाणूनबुजून बाजूला ठेवला. त्यामुळे दरवाजा कोठे आहे हे त्यांच्या पद्धतीने कळते. त्याच्या सावलीत बसणाऱ्या विक्रेत्याचे तेथे काय आहे, हे कळत नाही. दरवाजा डागडुजी करून उभा ठेवला आणि भोवतीचे सगळे हलवले, तरी लिंच यांची खूण शाबूत राहते.

दुसरा ग्रंथ लुइस ममफर्ड यांचा 'द सिटी इन हिस्टरी' (१९६१). विद्वत्ता आणि भाषा या दोन्ही दृष्टींनी हा थोर ग्रंथ आहे, यात शंका नाही. मात्र जी शहरे आपण स्वतः पाहिली-जाणली त्यांपुरतेच शक्यतो लिहिण्याचे बंधन ममफर्ड यांनी स्वतःवर घातले आणि ते प्रामाणिकपणे सांगितलेही. त्यामुळे मेसोपोटेमिया, ग्रीस, रोम, मध्ययुगीन युरोप असा प्रवास घडतो; भारतीय नगराच्या वाट्याला मात्र फारसे काही येत नाही. ग्रंथालयात तो असावा. पहिल्या खरेदीत नको.

आता ज्या दोन लेखकांमुळे हा लेख लिहावासा वाटला, त्यांच्याकडे वळतो. पहिले पॅट्रिक गेडिस. मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ, डंडीच्या महाविद्यालयात त्या विषयाचे प्राध्यापक. १९१४ साली ते नगररचनेचे प्रदर्शन घेऊन मद्रासकडे निघाले. प्रदर्शनाचे सामान ज्या जहाजात होते ते 'एम्डेन' या जर्मन युद्धनौकेने बुडवले. त्यांनी नवे सामान जमवून प्रदर्शन पुन्हा उभे केले आणि पुढची कित्येक वर्षे भारतातील शहरे पायी हिंडून त्यांवर अहवाल लिहिले. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचे अध्यापन त्यांच्याकडे आले. मराठी वाचकाने ध्यानात घ्यावे असे की, तंजावर, बडोदे आणि इंदूर या तिन्ही मराठी राजधान्यांविषयी त्यांनी लिहिले. त्यांपैकी बडोद्याच्या विकास व विस्तारावरील अहवाल त्यांनी १९१६ मध्ये सयाजीराव महाराजांना सादर केला.

गेडिस यांची पद्धत थोडक्यात अशी : उपाय सुचवण्याआधी रोगनिदान करा, आणि निदानासाठी गल्लोगल्ली चाला. त्या काळच्या अभियंत्याचा आवडता उपाय म्हणजे दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे. गेडिस यांनी दाखवले की, त्यात पाडापाडीचा आणि भरपाईचा खर्च प्रचंड होतो, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत जाऊन तेथली दाटी वाढवतात. म्हणजे रोग बरा न होता सरकतो. त्याऐवजी मोडकळीस आलेली एक-दोन घरे काढावीत, त्या जागी चौक मोकळा करावा, झाड लावावे, विहीर-तलाव बुजवण्याऐवजी स्वच्छ करावेत, असे त्यांचे म्हणणे. या पद्धतीला त्यांनी जपणूक करणारी शस्त्रक्रिया अशा अर्थाचे नाव दिले. ती नुसती कागदावर ठेवणारा हा गृहस्थ नव्हता. इंदुरात त्यांनी दिवाळीच्या सुमारास शहर स्वच्छतेची मोठी मिरवणूक काढवली. तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, आणि जी वस्ती घरे-रस्ते अधिक स्वच्छ ठेवील तिच्यातून मिरवणूक नेण्याचे जाहीर केले होते. लोक आपणहून झाडू घेऊन बाहेर पडले.

येथे खरेदीदाराला एक व्यावहारिक निवड करावी लागते. जॅकलिन टिरविट यांनी संपादित केलेले 'पॅट्रिक गेडिस इन इंडिया' (१९४७) हे अहवालांतील निवडक उताऱ्यांचे पुस्तक अनेक वर्षे या विषयातील प्रवेशद्वार ठरले आहे. उतारे विषयवार लावलेले आहेत, प्रास्ताविक ममफर्ड यांचे आहे. वाचायला ते उत्तम. परंतु या मांडणीत एक तोटा आहे. गेडिस यांचे प्रत्येक विधान एका विशिष्ट गल्लीतून निघालेले असते. ते गल्लीपासून सोडवले की त्याचे सुभाषित होते. तत्त्व हाती लागते, तत्त्वापर्यंत पोचण्याची वाट सुटते. नागरिकाला हवी असते ती वाट. म्हणून बडोदेकराने आधी बडोद्याचा मूळ अहवाल मिळवावा, तो हाती घेऊन गावठाणातून चालावे, आणि नंतर टिरविटबाईंचे संपादन वाचावे असे आम्ही सुचवू. तो अहवाल सुमारे एक लाख वस्तीच्या संस्थानी राजधानीसाठी लिहिला होता आणि २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची वस्ती साडेसोळा लाखांहून अधिक भरली, हे मात्र विसरू नये. त्यातील उपाय जसेच्या तसे उचलायचे नाहीत. पाहण्याची रीत शिकायची आहे.

दुसरा ग्रंथ जेन जेकब्स यांचा 'द डेथ अँड लाइफ ऑफ ग्रेट अमेरिकन सिटीज' (१९६१). जेकब्स पत्रकार, विद्यापीठाची पदवी नाही, नगररचनेचे औपचारिक शिक्षण नाही. न्यूयॉर्कमधील ग्रिनिच व्हिलेजच्या हडसन रस्त्यावर राहून जे दिसले त्यातून त्यांनी सिद्धान्त बांधला. रस्ता जिवंत राहायचा तर चार गोष्टी हव्यात : एकाच भागात निरनिराळ्या प्रकारची मुख्य कामे, आखूड अंतरावर वळता येतील अशा गल्ल्या, नव्यांबरोबर जुन्या इमारती, आणि माणसांची पुरेशी दाट वस्ती. जुन्या इमारतींचा त्यांचा आग्रह भावुक नाही, आर्थिक आहे. नव्या इमारतीचे भाडे नव्या आणि लहान धंद्याला झेपत नाही. तो जुन्या वास्तूच्या आसऱ्यानेच मूळ धरतो. लहरीपुऱ्यात दीड हाताच्या फळीवर उभे असलेले दुकान पाहिले की हे वाक्यागणिक पटत जाते.

जेकब्स यांची दृष्टी किती उपयोगी आहे याचे एक उदाहरण दरवाज्याबाहेरच आहे. रॉबर्ट चिझम यांनी आखलेल्या आणि १८९६ मध्ये खुल्या झालेल्या न्यायमंदिरात अनेक दशके न्यायालये भरत. २०१८ साली ती नव्या संकुलात गेली. कामकाजाच्या सोयीसाठी हे स्थलांतर आवश्यक होते, याविषयी वाद नाही. परंतु न्यायालय म्हणजे केवळ न्यायाधीश नव्हेत. पक्षकार, वकील, कारकून, टंकलेखक, मुद्रांकविक्रेते, झेरॉक्सवाले, चहावाले असा त्याचा परिवार असतो, आणि तो सकाळी अकरा ते सायंकाळी सहा या वेळात रस्त्यावर असतो. ही वेळ बाजाराच्या संध्याकाळच्या गर्दीची नव्हे. म्हणजे एकाच रस्त्याला दोन वेळांची गिऱ्हाइके मिळत होती. जेकब्स यांची पहिली अट नेमकी हीच. मुख्य काम हलले की त्यावर उपजीविका करणारी लहान कामे कशी सुकतात, हे त्यांनी न्यूयॉर्कविषयी सांगितले. आपण ते चालत जाऊन पाहू शकतो.

या वास्तूत नगरसंग्रहालय करावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा आम्हांस दोन्ही लेखक एकदम आठवले. एडिंबराच्या आपल्या 'आउटलुक टॉवर'मध्ये गेडिस यांनी मजल्यामजल्याने शहर, देश आणि जग दाखवणारे संग्रहालय मांडले होते. नागरिकाने आपले शहर आधी एका दृष्टिक्षेपात पाहावे आणि मग त्याविषयी मत द्यावे, हा हेतू. ते या कल्पनेचे स्वागतच करते. जेकब्स मात्र विचारत्या, संग्रहालयाला रोज किती माणसे येतील, कोणत्या वेळी येतील, आणि बाहेर पडल्यावर चहा कोठे घेतील? दोन्ही प्रश्न बरोबर आहेत आणि एकाच्या उत्तराने दुसरा सुटत नाही. असे प्रश्न सुचणे हाच या वाचनाचा लाभ.

आता एक गमतीची, पण महत्त्वाची गोष्ट. जेकब्स यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच गेडिस यांची गणना विरोधकांत केली आहे. एबेनेझर हॉवर्ड यांची १८९८ ची उद्याननगरीची कल्पना, तिला प्रादेशिक नियोजनाचे रूप देणारे गेडिस आणि त्यांना गुरू मानणारे ममफर्ड ही सर्व मंडळी शहराची दाटी विसकटून टाकणारी, असा त्यांचा आरोप. ममफर्ड यांनीही १९६२ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये जेकब्स यांच्या ग्रंथाचा खरपूस समाचार घेतला. पाठ्यपुस्तकांत हे दोन पक्ष समोरासमोर उभे केले जातात आणि विद्यार्थ्याला एक निवडायला सांगितले जाते. परंतु लहरीपुऱ्यात उभे राहून वाचले, तर हा पक्षभेद विरघळतो. जेकब्स ज्यांच्याशी भांडतात ते प्रदेशाची मोठी चित्रे काढणारे गेडिस आहेत. तंजावरच्या गल्लीत एकेका घराचा विचार करणारे गेडिस त्यांच्या वर्णनात कोठे दिसत नाहीत. जुनी वस्ती पाडण्याला विरोध, पाहणीवर विश्वास, रहिवाशाच्या शहाणपणाची कदर, या तिन्हींत दोघे एकमेकांचे शेजारी आहेत. दोघेही या व्यवसायाच्या बाहेरून आले, हाही योगायोग नसावा. म्हणून 'गेडिस की जेकब्स' हा प्रश्नच आम्ही गैरलागू समजतो. एकत्र वाचण्याची ही पुस्तके आहेत.

दोहोंचे दोषही सांगायला हवेत. गेडिस संस्थानिकांच्या आणि सरकारच्या निमंत्रणाने येत. पाहुण्याने यजमानाला किती बोलावे याला मर्यादा असते. भारतीय वस्तीचे कौतुक करताना त्या वस्तीची रचना जातींच्या उतरंडीवर झालेली आहे, याचा पुरेसा हिशेब त्यांच्याकडे नाही. जेकब्स यांची उणीवही याच ठिकाणी आपल्याला जाणवते. रस्त्यावर सतत कोणाचे तरी लक्ष असले म्हणजे तो सुरक्षित राहतो, हे त्यांचे प्रसिद्ध मत. आमच्या पोळातील ओटा आणि खिडकी हेच काम करतात, हे खरे. परंतु ओट्यावरची नजर चोराला जशी हेरते, तशी परजातीच्या भाडेकरूलाही हेरते आणि उशिरा घरी येणाऱ्या मुलीलाही. ती नजर राखणही करते आणि पाळतही ठेवते. अमेरिकी ग्रंथ भारतीय गल्लीत आणताना ही दुसरी बाजू वाचकाने स्वतः भरून काढावी लागते.

ती भरून काढायला भारतीय शहरांवरील अभ्यास उपयोगी पडतात. केनेथ गिलियन यांचा अहमदाबादवरील ग्रंथ (१९६८) आणि हॉवर्ड स्पोडेक यांचा 'अहमदाबाद : शॉक सिटी ऑफ ट्वेंटिएथ-सेंचुरी इंडिया' (२०११) हे गुजरातमधील वाचकाला सर्वांत जवळचे. गिलियन महाजनांच्या जुन्या परंपरेतून गिरणीचे शहर कसे उगवले हे दाखवतात. स्पोडेक विसाव्या शतकातील कामगार, नेते, संस्था आणि दंगली यांचा धागा पकडतात. मुंबईसाठी प्रशांत किदंबी यांचा १८९० ते १९२० या काळावरील ग्रंथ (२००७) घ्यावा. प्लेगनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टने वस्त्या पाडल्या तेव्हा गरिबांच्या निवाऱ्याची टंचाई कशी वाढली, हे वाचताना गेडिस यांचा इशारा आठवतो. निखिल राव यांचे 'हाउस, बट नो गार्डन' (२०१३) दादर-माटुंग्याच्या सदनिकांची जन्मकथा सांगते. मराठी मध्यमवर्गाला त्यात आपलेच घर भेटेल. या ग्रंथांची भाषा मधूनमधून जड होते, आणि विद्यापीठीय परिभाषेचा सोस नसता तर त्यांचे वाचक दुप्पट झाले असते; तरी माहितीचा कस पक्का आहे.

दोन जुन्या ग्रंथांकडे मात्र आमचे फारच दुर्लक्ष झाले आहे. गोविंद नारायण माडगांवकर यांचे 'मुंबईचे वर्णन' (१८६३) आपण भाषेच्या इतिहासात नोंदवतो. नगराभ्यास म्हणून वाचत नाही. मुंबईच्या किल्ल्याचा तट पडण्याच्या त्या दिवसांत शहरातील धंदे, जाती, रस्ते आणि पाणी यांची नोंद एका मराठी माणसाने करून ठेवली. तसेच धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले संस्थेने केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी. तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात काव्य नाही, तक्ते आहेत. कुटुंब केवढे, मिळकत किती, भाडे किती, धंदा कोणता. परंतु हरकतीचा अर्ज ज्या माहितीअभावी दुबळा ठरतो, तीच माहिती कशी गोळा करावी याचा तो वस्तुपाठ आहे.

तेव्हा आमची शिफारस अशी. एकच पुस्तक घ्यायचे तर जेकब्स घ्यावे, कारण ते एकट्याने वाचता येते आणि लगेच डोळे उघडते. दोन घ्यायची तर सोबत टिरविट-संपादित गेडिस, आणि बडोद्याचा अहवाल ग्रंथालयातून मिळवून. तिसरे गाडगीळ, चौथे स्पोडेक किंवा मुंबईकरांसाठी किदंबी. लिंच उसना आणून वाचावा. ममफर्ड सवडीने.

शेवटी एक विनंती. सयाजीराव महाराजांनी १९१२ मध्ये दोन लाख रुपयांचा निधी देऊन देशोदेशीचे ज्ञान मराठी आणि गुजराती भाषांत आणण्याची व्यवस्था केली. त्या शहराविषयीचा गेडिस यांचा अहवाल सटीप मराठी अनुवादाच्या रूपाने सामान्य वाचकाच्या हाती पडावा, हे काम वाङ्मयीन संस्थांना अशक्य नाही. तोवर ज्या सभासदांची घरे वा दुकाने लहरीपुरा, मांडवी, दांडिया बाजार या भागांत आहेत वा होती, त्यांनी आपल्याजवळची जुनी भाडेपावती, खरेदीखत, घराचा नकाशा जपून ठेवावा, आणि आपल्या गल्लीत पन्नास वर्षांपूर्वी कोणत्या दारात कोणता धंदा होता याची यादी करावी. पुढचा मसुदा प्रसिद्ध होईल तेव्हा हरकतीची मुदत थोडी असेल. त्या वेळी ही यादी तयार असली तर अर्जाला तिचा आधार मिळेल.